प्रवासाचें पाणी

इतिहासकारांची दृष्टि साहजिकच राजमुकुटांकडे, तरवारींकडे आणि ताम्रपटांकडे वळते. ताम्रपटावर कोरलेलें दान कोणीं कोणास दिलें याची चिकित्सा करण्यांत विद्वानांचीं आयुष्यें गेलीं. पण त्याच तांब्याच्या भांड्यांतून शतकानुशतकें जीं माणसें पाणी प्यालीं, त्यांच्या शरीरांत त्या धातूनें काय केलें, हा प्रश्न इतिहासाच्या दरबारांत फारसा कोणीं उपस्थित केला नाहीं. आज मध्यमवर्गीय घरांतून मूल शाळेस निघतें तें पाठीवर दप्तर आणि हातांत धातूची बाटली घेऊन. दुकानांत तांब्याची, अल्युमिनियमची, पोलादाची अशा बाटल्यांची रांग लागलेली असते, आणि त्यांतली कोणती घ्यावी हें ठरवितांना सुशिक्षित आईबापही गोंधळून जातात. ही निवड वरवर पाहतां केवळ बाजाराची बाब वाटते. वस्तुतः ती सुमारें अडीच हजार वर्षें चाललेल्या एका चौकशीचें ताजें प्रकरण आहे, आणि मागचीं प्रकरणें वाचल्यावांचून तें नीट उलगडत नाहीं असें आम्हांस वाटतें.

प्रवासांत परक्या ठिकाणचें पाणी पिऊं नये ही समजूत फार जुनी आहे. इराणचा सम्राट् सायरस मोहिमेवर निघाला म्हणजे सूसा नगरीजवळून वाहणाऱ्या खोआस्पिस नदीचें पाणी उकळून, रुप्याच्या भांड्यांत भरून, खेंचरांच्या गाड्यांवर घालून बरोबर नेत असे, असें हिरोडोटसनें लिहून ठेविलें आहे. आपल्याकडील दाखला याहून अलीकडचा. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठीं जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह विलायतेस गेले, तेव्हां त्यांनीं गंगाजल नेण्यासाठीं रुप्याचे प्रचंड घट बरोबर घेतले. एकेका घटांत सुमारें चार हजार लिटर पाणी मावे; चौदा हजार रुपये आटवून, कोठेंही डाख न देतां ते घडविले होते असें सांगतात. त्यांपैकीं दोन आजही जयपूरच्या राजवाड्यांत पाहावयास मिळतात. प्रेक्षक त्यांचा आकार पाहून थक्क होतात. आम्हांस मात्र त्यांच्या आकाराहून 'डाख न देतां' हे तीन शब्द अधिक महत्त्वाचे वाटतात. तें कां, हें पुढें येईलच.

सामान्य माणसाला रुपें कोठून परवडणार? महाराष्ट्रांतील गृहस्थाजवळ प्रवासासाठीं फिरकीचा तांब्या असे. पितळेचें भांडें, तोंडाला आटे पाडलेले, त्यावर फिरवून घट्ट बसविण्याचें झांकण आणि धरावयास कडी, अशी त्याची घडण. काशीची यात्रा असो कीं आगगाडीचा तिसरा वर्ग असो, हा तांब्या बरोबर असला म्हणजे सोवळेंही सांभाळलें जाई आणि तहानही भागे. चामड्याच्या पखालीचें पाणी ज्यास चालत नसे, त्याला राखेनें आणि चिंचेनें घासून लख्ख होणारा धातु चाले. आज ज्या बाटलीला आपण नव्या काळाची खूण समजतों, तिचा पूर्वज आजोबांच्या वळकटीशेजारीं केव्हांचाच उभा होता.

या पितळी-तांब्याच्या संसाराला एक मूक राखणदार होता, तो म्हणजे कल्हईवाला. भांडें निखाऱ्यांवर तापवावें, नवसागराची पूड टाकून आंतून पुसून काढावें, आणि वितळलेलें कथील कापसाच्या बोळ्यानें भरभर फिरवावें, कीं तांबूस भांडें आंतून चांदीसारखें उजळून निघे. कल्हई उडालेल्या भांड्यांत ताक ठेविलें तर तें 'कळकतें', हें आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकतां ठाऊक होतें. आंबट पदार्थ तांब्याला किंवा पितळेला लागला म्हणजे तांब्याचे क्षार त्यांत उतरतात; हिरवट जंगाल हें त्याचेंच दृश्य रूप. 'कळकणें' हा एक शब्द म्हणजे त्या सर्व अनुभवाची आटोपशीर नोंद होय. तिच्याप्रमाणें वागेपर्यंत घर सुरक्षित होतें.

परंतु ज्या विषाला चव नाहीं, रंग नाहीं, तें अनुभवाला लवकर सांपडत नाहीं. शिशाचा इतिहास हेंच सांगतो. रोमन लोकांनीं आपल्या नगरांत शिशाच्या नळांतून पाणी खेळविलें. त्यांचाच वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हियस यानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत बजावून ठेविलें होतें कीं, मातीच्या नळांतलें पाणी शिशाच्या नळांतल्या पाण्याहून आरोग्यकारक असतें. पुरावा म्हणून शिशाचें काम करणाऱ्या कारागिरांच्या फिकट वर्णाकडे त्यानें बोट दाखविलें. पण शिसें स्वस्त, मऊ आणि वांकविण्यास सोपें. म्हणून शहाण्याचा इशारा ग्रंथांत राहिला आणि नळ जमिनींत राहिले. पुढें इंग्लंडांतील डेव्हनशायर परगण्यांत पोटशुळाची साथ वर्षानुवर्षें चालू होती. ती सफरचंदांचा आंबट रस गाळण्याच्या चरकांत वापरलेल्या शिशामुळें होते, असें जॉर्ज बेकर या वैद्यानें १७६७ साली सिद्ध केलें, तेव्हां तेथील बागाईतदार त्याच्यावर उलटले. शिसें मुख्य भांड्याचें नव्हतें. तें अस्तरांत आणि सांध्यांत होतें. जयपूरच्या घटांना डाख नव्हता याचें महत्त्व येथें ध्यानीं यावें. भांड्याचा धातु कितीही चोख असला तरी त्याचा सांधा, त्याचा डाख, त्याचें अस्तर यांत काय आहे, हा प्रश्न नेहमींच वेगळा विचारावा लागतो.

तांब्याची बाजू याहून गुंतागुंतीची आहे, कारण तांबें गुणी आहे. अत्यल्प तांब्याचा अंश असलेल्या पाण्यांत सूक्ष्म शैवाल मरतें, असें कार्ल नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञानें पाहिलें. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८९३ मध्यें प्रसिद्ध झाला. २०१२ साली बंगळूर येथील संशोधकांनीं अतिसाराचे जंतु मुद्दाम मिसळलेलें पाणी तांब्याच्या भांड्यांत सोळा तास ठेवून पाहिलें. जंतु नाहींसे झाले, आणि पाण्यांत उतरलेलें तांबें सुरक्षित मर्यादेच्या पुष्कळ खालीं राहिलें. ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें लिटरमागें दोन मिलिग्रॅम अशी मानली आहे. म्हणजे तांब्याच्या भांड्यांत रात्रभर ठेविलेलें साधें पाणी पिण्याची आपली जुनी चाल निराधार नव्हती, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे.

मात्र त्याच तांब्याच्या इतिहासांतलें एक काळें पान महाराष्ट्रांतच लिहिलें गेलें आहे, आणि तें आजच्या तरुण आईबापांना बहुधा ठाऊकही नाहीं. भारतांत सहा महिन्यांपासून चारपांच वर्षांपर्यंतच्या मुलांना यकृताचा एक असाध्य रोग होत असे. पोट फुगे, यकृत दगडासारखें घट्ट होई, आणि बहुतेक मुलें कांहीं महिन्यांत दगावत. एकाच घरांत एकामागून एक भावंडें जात, म्हणून कोणी दैवाला बोल लावी, कोणी रक्तदोषाला. या मुलांच्या यकृतांत तांब्याचा प्रचंड सांठा असतो, हें पुढें दिसून आलें. तो येतो कोठून, याचा शोध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनीं डॉ. स्टुअर्ट टॅनर या इंग्रज वैद्याच्या सहकार्यानें घेतला, आणि १९८३ व १९८७ साली त्यासंबंधींचे निबंध प्रसिद्ध झाले. आजारी मुलें आणि निरोगी मुलें यांच्या आहाराची तुलना करितां असें आढळलें कीं, रोगी मुलांना अगदीं कोंवळ्या वयांत वरचें दूध सुरू झालें होतें, आणि तें दूध पितळेच्या वा तांब्याच्या, कल्हई नसलेल्या भांड्यांत तापविलें व ठेविलें जात होतें. तांबें दुधांतील प्रथिनाला चिकटतें आणि दुधाबरोबर पोटांत जातें. ज्या घरांत आईनें मुलाच्या वाट्याचें दूध सर्वांत जपून, सर्वांत जुन्या आणि मानाच्या पितळी भांड्यांत ठेविलें असेल, त्या घराचा विचार मनांत आला कीं अंगावर कांटा उभा राहतो. मायेचीच कृति घातक ठरली. आणि त्यांत त्या माउलीचा कांहीं दोष नव्हता.

प्रत्येक मुलाला हा रोग होत नसे, म्हणून कांहीं आनुवंशिक दुर्बलताही कारणीभूत असावी असें तज्ज्ञ मानतात. पण निर्णायक साक्ष परदेशांतून आली. ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतांत १९०० पासून १९७४ पर्यंत १३८ अर्भकें अगदीं अशाच रोगानें गेल्याची नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. तेथेंही दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापविण्याचा परिपाठ होता. भांडीं बदललीं आणि रोग गेला. आपल्याकडेही तेंच घडलें. बोहारणींनीं जुन्या कपड्यांवर पोलादी भांडीं दिलीं, पितळ मोडींत गेलें, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. पितळेची ती घरंदाज झळाळी गेल्याबद्दल हळहळणाऱ्यांनीं ही बाजूही जमेस धरावी. आणि आज कल्हई नसलेल्या चकचकीत तांब्याच्या बाटल्या घेऊन त्यांत लिंबाचें सरबत, ताक किंवा मुलांचें दूध भरणाऱ्यांनीं तर ती अवश्य धरावी. तांब्याची बाटली साध्या, थंड पाण्यापुरतीच.

तांब्यानंतर अल्युमिनियमची पाळी. १८८६ साली अमेरिकेंत हॉल व फ्रान्सांत एरू या दोघां तरुणांनीं स्वतंत्रपणें विजेच्या साह्यानें हा धातु काढण्याची युक्ति शोधिली, आणि पूर्वीं मौल्यवान् गणला जाणारा धातु एकदम स्वस्त झाला. १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं त्याचीं भांडीं करविण्यास आरंभ केला. आपल्या खेड्यांतून या भांड्यांना 'जर्मनचीं भांडीं' हें नांव पडलें. हलकेपणामुळें सैनिकाच्या कमरेला अल्युमिनियमची बाटली आली. पण आंबट आणि खारट पदार्थांशीं या धातूचेंही पटत नाहीं. म्हणून अशा बाटल्यांना आंतून लेप देतात, आणि पुन्हां तोच जुना प्रश्न उभा राहतो, लेपांत काय आहे? कांहीं लेपांत बिस्फेनॉल-ए नांवाचें द्रव्य असे. त्याच्या परिणामांविषयीं संशय बळावत जाऊन २०२४ च्या अखेरीस युरोपीय संघानें खाद्यपेयांस लागणाऱ्या वस्तूंत त्याचा वापर निषिद्ध ठरविला.

पोलादाची कथा अधिक समाधानकारक आहे. लोखंडांत क्रोमियम मिसळल्यास तें आम्लांना दाद देत नाहीं, हें फ्रान्सांत बेर्त्ये यानें १८२१ सालीच पाहिलें होतें. १९१२ मध्यें जर्मनींतील क्रुप कारखान्यानें क्रोमियम-निकेलयुक्त पोलादाचे हक्क घेतले. १९१३ मध्यें शेफील्ड येथें बंदुकीच्या नळ्यांसाठीं धातु शोधतांना हॅरी ब्रिअर्ली याच्या हातीं न गंजणारें पोलाद लागलें. यांत कल्हईवाला धातूच्या अंगांतच बसलेला असतो. क्रोमियमचा हवेशीं संयोग होऊन अतिशय पातळ असा थर पृष्ठभागावर बनतो, आणि ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हां भरून येतो. शेंकडा अठरा क्रोमियम व आठ निकेल असलेलें पोलाद बाजारांत '३०४' या आंकड्यानें ओळखलें जातें, आणि पाण्याच्या बाटलीला तें योग्य होय. निकेल महाग म्हणून त्याऐवजीं बरेंचसें मँगॅनीज घातलेलें '२०१' जातीचें पोलादही आपल्या बाजारांत पुष्कळ आहे. तें गंजास कमी दाद देतें असें नव्हे, अधिक देतें. लोहचुंबक चिकटला नाहीं म्हणजे पोलाद उत्तम, ही दुकानदारांची कसोटी अपुरी आहे. कारण चुंबक या दोन्ही जातींना बहुधा चिकटत नाहीं.

राहतां राहिली पाणी गार किंवा ऊन ठेवणारी दुहेरी बाटली. जेम्स ड्यूअर यानें १८९२ साली प्रयोगशाळेसाठीं निर्वात कुपी बनविली. तिचे हक्क न घेतल्यामुळें १९०४ नंतर व्यापाराचा लाभ जर्मन कारखानदारांस झाला. पोलादी निर्वात बाटलींत दोन भिंतींमधील हवा काढून घेतल्यावर बुडाचें बारीक भोंक बंद करावें लागतें, आणि त्यासाठीं कांहीं कारखानदार शिसेंयुक्त डाख वापरीत आले आहेत. तो पाण्यास लागत नाहीं. त्यावर पोलादी चकती असते. पण चकती निघाली तर मुलाचें बोट, आणि बोटावरून तोंड, तेथें पोंचतें. याच कारणावरून २०२२ व २०२३ साली अमेरिकेंत लहान मुलांचे असे पेले बाजारांतून परत घ्यावे लागले. शिशाचें कोणतेंही प्रमाण मुलांना सुरक्षित नाहीं, असें आज वैद्यकशास्त्र म्हणतें. व्हिट्रूव्हियसनें दाखविलेला शत्रु दोन हजार वर्षांनीं बाटलीच्या बुडाशीं दडून बसलेला सांपडावा, हें विलक्षण नव्हे काय?

या सर्व इतिहासावरून निवडीचे नियम सहज निघतात. आंतून लेप नसलेली, '३०४' असें स्पष्ट लिहिलेली पोलादी बाटली घ्यावी. भारत सरकारनें २०२३ साली तांबें, पोलाद व अल्युमिनियम यांच्या पाण्याच्या बाटल्यांना भारतीय मानकाचें चिन्ह सक्तीचें करणारा हुकूम काढला आहे; तें चिन्ह पाहावें. दुहेरी बाटलीचा डाख शिसेंरहित आहे कीं नाहीं हें विचारावें, आणि बुडाची चकती सुटल्यास बाटली मुलाच्या हातीं देऊं नये. तोंड हात जाईल इतकें रुंद असावें, आणि झांकणाची रबरी कडी काढून धुतां यावी. कारण न घासलेल्या उत्तम धातूपेक्षां रोज घासलेला मध्यम धातु बरा.

आपल्या आज्या भांडें विकत घेतांना तें बोटानें वाजवून पाहत, उजेडांत धरून सांधा निरखीत, आणि मगच कासाराला पैसे देत. कल्हईवाल्याची हांक आतां आळींतून उठत नाहीं. त्यानें वाहिलेली काळजी मात्र नाहींशी झालेली नाहीं, ती आपल्या अंगावर येऊन पडली आहे. पुण्याच्या त्या बालकांची आठवण ठेवून ती वाहणें, एवढें तरी आपणांस अशक्य नाहीं.