अंगठा, बोटे आणि ओवी : गिटारच्या एका परंपरेविषयी



ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होते, ते आमचे संगीताचे गुरुजी प्रार्थनेला पेटीची साथ करीत. पेटीवर उजवा हात गातो आणि डावा भाता हलवितो; त्यामुळे एका वेळी एकच स्वरावली, हे आपल्या पेटीचे जणू व्रतच होऊन बसले. एकाच वाद्यावर, एकट्याने, चाल आणि तिला आधार देणारे स्वरसंघात, म्हणजे मुले ज्यांना कॉर्ड म्हणतात ते, ही दोन्ही बोटांनी कशी वाजवावीत हा प्रश्न मला वयाच्या सत्तराव्या वर्षी पडला. नातू नोकरीसाठी परगावी गेला आणि त्याची गिटार माझ्या खोलीत राहिली. मराठीच्या प्राध्यापकाने गिटारवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. मला बोलायचे आहे ते विद्या एका हातातून दुसऱ्या हातात कशी उतरते यासंबंधी. आणि ओघाने माझ्या एका चुकीसंबंधीही.

सवयीप्रमाणे मी आरंभ ग्रंथापासून केला. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरी १५३६ साली लुइस मिलान याचे 'एल माएस्त्रो' हे पुस्तक छापले गेले. नावाचा अर्थच 'गुरू'. ते व्हिउएला या, गिटारच्या कुळातील वाद्यासाठी आहे. सहा आडव्या रेघा म्हणजे तारा, रेघांवरील आकडे म्हणजे पडदे; संगीतलिपी न येणाऱ्यालाही बोट कोठे ठेवावे ते कळते. यातील काही रचनांत एकत्र स्वरांचे संघात संथपणे आणि मधल्या ताना जलद वाजवाव्यात, असे मिलान सांगतो. पुस्तक त्याने पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याला अर्पण केले. आपल्या शेजारचा गोवा त्या काळी याच राजाच्या अमलाखाली होता, हे जाता जाता सांगतो. असा हा छापील गुरू. पावणेपाचशेहून अधिक वर्षांनी आजही कोणी पान उघडून वाजवू शकतो.

परंतु माझा अंगठा पुस्तकाने हलेना. नातवाने पाठविलेल्या ध्वनिमुद्रणांत ज्या शैलीने मला वेड लावले, तिला आरंभी असा ग्रंथच नव्हता. ती अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पश्चिम भागात, कोळशाच्या खाणींच्या परिसरात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडली. तिथे उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर आळीपाळीने ठोके देत राहतो; तळहाताची कड त्या तारांवर टेकवून त्यांचा नाद किंचित दाबला जातो. अंगठ्याने ताल आणि खर्ज सांभाळला की तर्जनी बारीक तारांवर चाल वाजविण्यास मोकळी होते. डाव्या हाताने कॉर्ड धरलेला असतो आणि चालीचे स्वर शक्यतो त्याच्याच आसपास शोधायचे असतात. ऐकणाऱ्याला दोन माणसे वाजवीत आहेत असा भास होतो.

वाचायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात चाल सुरू झाली की माझा अंगठा तिच्यामागे धावे, नाहीतर जागीच थिजे. कित्येक आठवडे असे गेले. मग एका पहाटे माझ्या आईचे जाते आठवले. हात फिरत असे. मूठमूठ धान्य पडत असे. आणि ओवी त्या फेऱ्यांवर स्वार होऊन, कधी फेऱ्याच्या पुढे, कधी मागे, मोकळी चालत असे. आईने हाताकडे लक्ष दिल्याचे मला स्मरत नाही. त्या दिवसापासून मी चाल सोडून दिली आणि महिनाभर फक्त अंगठ्याचे जाते फिरविले.

या परंपरेचा उगम त्या भागातील वादक आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाकडे नेतात. जन्म १८८६, मृत्यू १९३१; बाप गुलामगिरीतून सुटलेला. शुल्ट्झने खाणीत काम केले आणि नाचाच्या बैठकीत गिटार व फिडल वाजविले. त्याच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. मग हे नाव आपल्यापर्यंत आले कसे? शिष्यांनी सांगितले म्हणून. ब्लूग्रास संगीताचा जनक मानला जाणारा बिल मन्रो तरुणपणी शुल्ट्झला नाचांत साथ करीत असे, आणि ते ऋण तो जाहीरपणे मान्य करी. केनेडी जोन्स शुल्ट्झकडून शिकला. अंगठ्यात नखी घालून वाजविण्याची रीत त्या भागात त्याने रुळविली, असे सांगतात. त्याच्याकडून ती मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली यांच्याकडे गेली. दोघेही खाणकामगार, रेगर पुढे न्हाव्याचा व्यवसायही करी. त्यांना पाहून मर्ल ट्रॅव्हिस (१९१७–१९८३) शिकला, आणि त्याने ही शैली सिनसिनाटीच्या रेडिओ केंद्रावरून दूरवर पोहोचविली. आज ती 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणून ओळखली जाते. स्वतः ट्रॅव्हिस मात्र रेगर आणि एव्हर्ली यांची नावे घेत असे.

पुढील कडी तर मोठी गमतीची आहे. चेट अ‍ॅटकिन्स (१९२४–२००१) याने लहानपणी जॉर्जियात ट्रॅव्हिसला रेडिओवर ऐकले. हात दिसत नव्हता. ट्रॅव्हिस अंगठा आणि एकटी तर्जनी वापरीत होता. या मुलाची समजूत झाली की इतके सारे वाजवायला आणखी बोटे लागत असणार. तो अंगठा आणि तीन बोटांनी शिकला. या गैरसमजातूनच त्याची स्वतंत्र शैली निर्माण झाली. पाठ चुकीचा उतरला म्हणून आम्ही हस्तलिखितांचे अभ्यासक किती हळहळतो!

आता माझी चूक. माझा पीएच.डी.चा प्रबंध जात्यावरील ओव्यांवर आहे. त्यासाठी मी खानापूर तालुक्यात हिंडलो, ओव्या उतरवून घेतल्या, पाठभेद नोंदविले, गावांची नावे दिली. गाणाऱ्या स्त्रियांची नावे दिली नाहीत. ओवी ही लोकांची, तिला कर्ता कशाला, असे त्या वेळी मला शास्त्रशुद्ध वाटले होते. त्या खाणकामगारांनी जे न सांगता केले, ते मी पदवी घेऊनही केले नाही.

गेल्या वर्षी त्या वह्या पुन्हा काढल्या. एका पानाच्या कडेला माझ्याच अक्षरात नोंद आहे : 'दळण सरले, तरी हात फिरतो आहे, गाणे चालू आहे.' खाली गावाचे नाव आहे, तारीख आहे. त्या बाईचे नाव नाही. खानापूरकडील जे माजी विद्यार्थी येथे उपस्थित असतील, त्यांनी व्याख्यानानंतर कृपया थांबावे. वह्या मी सोबत आणल्या आहेत. आपल्या आज्यांच्या ओव्या त्यांत ओळखू आल्या, तर मला त्यांची नावे हवी आहेत.