मनगटावरच्या शेळ्या

दाबाच्या टाकीतून बाहेर काढलेली शेळी पुढचा एक पाय उचलून उभी राहिली, की शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्याचे सोबती तशी नोंद करत. कुठे दुखतंय हे शेळीला सांगता येत नाही, पण सांधा ठणकला की त्या पायावर ती भार टाकत नाही. हे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये १९०६ च्या सुमारास चाललं होतं. आज स्कूबा डायव्हरच्या मनगटावर जो कॉम्प्युटर असतो, त्याचं कूळ या टाकीपर्यंत जातं.

दुखणं मात्र त्याहून जुनं, आणि ते आधी भेटलं कामगारांना. १८४१ मध्ये फ्रान्सच्या ल्वार नदीकाठी त्रिजे या इंजिनिअरने कोळशाच्या खाणीसाठी लोखंडी नळ जमिनीत उतरवला आणि पाणी आत येऊ नये म्हणून त्यात दाबाची हवा भरली. आत काम करताना ठीक असणारी माणसं बाहेर आल्यावर कळवळू लागली. पुढे पोल आणि वातेल या डॉक्टरांनी १८५४ मध्ये लिहून ठेवलं, की धोका दाबात शिरताना नाही, निघताना आहे. या दुकानाची उधारी बाहेर पडतानाच चुकवावी लागते. अमेरिकेत पुलांचे पाये खणणारे मजूर दुखण्यानं वाकून चालत. तेव्हा बायकांमध्ये पुढे झुकून चालण्याची 'ग्रीशियन बेंड' नावाची फॅशन होती. त्यावरून थट्टेनं 'बेंड्स' हे नाव पडलं म्हणतात. ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ मध्ये याच दुखण्यानं घरी बसला आणि पत्नी एमिली त्याचे निरोप कामावर पोचवू लागली.

कारण १८७८ मध्ये फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेरने सांगितलं: दाबाखाली रक्तात आणि मांसात विरघळलेला नायट्रोजन दाब झटकन उतरला की बुडबुडे धरतो, गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर होतं तसं. उपायही त्याने सांगितला, हळू वर या. हळू म्हणजे किती, हे मात्र ठरायचं होतं. ब्रिटिश आरमाराने १९०५ मध्ये समिती नेमली ती त्यासाठी.

समितीतल्या हाल्डेनची नजर एका साध्या गोष्टीवर गेली. दहा मीटरवर, म्हणजे दुप्पट दाबाखाली, कितीही वेळ राहून वर आलेल्याला बेंड्स झाल्याचं त्याला दिसलं नव्हतं. मग चारपटीवरून दुपटीवर, सहापटीवरून तिपटीवर येणंही तितकंच निर्धोक असलं पाहिजे. म्हणून दाब निम्मा होईपर्यंत पाणबुड्याला चटकन वर घ्या आणि पुढे दहा-दहा फुटांवर थांबवत आणा. शरीराचे त्याने पाच कप्पे मानले. ते ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटांत नायट्रोजनने निम्मे भरतात. असे कप्पे शरीरात कुठे नाहीत, ती हिशेबाची सोय. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या लॉक स्ट्रिव्हनमध्ये आरमाराचे डॅमंट आणि कॅटो २१० फुटांवर जाऊन सुखरूप परतले. १९०८ मध्ये बॉयकॉट, डॅमंट आणि हाल्डेन यांनी कोष्टक छापलं.

ते कोष्टक कोणासाठी होतं? वर नावेवर बसलेल्या माणसासाठी. पितळी शिरस्त्राण घातलेला पाणबुड्या दोराला बांधलेला असे. घड्याळ आणि कोष्टक वरच्याच्या हातात असे, आणि थांबवणारा तोच. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यान यांच्या ॲक्वालंगने, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या टाकीने, तो दोर कापला. कोष्टक पाटीवर लिहून स्वतः डायव्हरनेच खाली न्यायचं झालं. १९८३ मध्ये हा हिशेब पाण्यातच करणारा 'एज' हा कॉम्प्युटर आला. त्याच सुमारास झुरिकच्या डॉ. ब्यूलमनने कप्पे सोळापर्यंत नेले. पाच पिढ्यांचं हे ज्ञान आता आठवडाभर शिकलेल्या मुलाच्या मनगटावर एक आकडा होऊन बसलं: 'नो-डेको, १२ मिनिटं', म्हणजे वाटेत सक्तीचे थांबे न घेता वर येता येईल अशी बारा मिनिटं उरली. हाच आकडा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. तो वाचणाऱ्याला वाटतं, बारा मिनिटं मला काही होत नाही.

असे आकडे ठरतात कसे, ते वर येण्याच्या वेगाचंच बघा. अमेरिकन आरमाराचा मिनिटाला ६० फूट हा नियम शरीरशास्त्रातून आलाच नाही. शिरस्त्राणवाल्यांना २५ हवे होते, पोहणाऱ्या कमांडोंना १००, आणि मध्ये तडजोड झाली. सेकंदाला एक फूट, हिशेबाला सोपं! पुढे १९७० च्या दशकात डॉपलर यंत्राने कान लावला, तेव्हा नियम पाळून आलेल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या रक्तातही बुडबुडे ऐकू आले. म्हणून वेग निम्म्यावर आला आणि पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा रूढ झाला.

नवशिक्या चुकतो तो तिथेच. तीसवरून वीस मीटरवर येताना दाब चारपटीवरून तिपटीवर येतो. शेवटच्या दहा मीटरमध्ये थेट निम्मा. बोट दिसू लागली की पाय जोरात मारले जातात, टाकी रिकामी होत हलकी झालेली असते, वेटसूट फुगलेला, आणि माणूस बुचासारखा वर सुटतो. त्या तीन मिनिटांपुरती हवा कशी राखायची, हे बोटीवर बसूनच ठरवायचं: किती खोल, किती मिनिटं, आणि टाकीत किती दाब उरला की परत फिरायचं. कॉम्प्युटर उधारी मोजतो, ती करावी की नाही हे सांगत नाही. जोडीदाराचा कॉम्प्युटर बघून वर येणं तर नकोच. तो दोन मीटर वर असेल, तर त्याचा हिशेब वेगळा.

तारकर्ली-मालवणला पर्यटकाची पहिली बुडी काही मीटरचीच असते, तिथे नायट्रोजनची उधारी किरकोळ. तिथला धोका श्वास रोखण्याचा. भरल्या फुप्फुसानं दोन मीटर वर आलात तरी ते फाटू शकतं. खोल बुडी मारून गोव्याहून किंवा नेत्राणी बेटाहून परतणाऱ्यांनी मात्र घड्याळ बघावं. एका बुडीनंतर निदान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्यांनंतर १८ तास विमान टाळावं, असा सर्वमान्य सल्ला आहे. तो नुसत्या विमानासाठी नाही, ६०० मीटरच्या वर जाणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. परतीच्या घाटातली आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे.