कोर्टाची पायरी, वॉशिंग्टन, १९७४

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. आज मात्र चढा. तारीख ८ जुलै १९७४, वार सोमवार, गाव वॉशिंग्टन. सकाळ असूनही हवा दमट आहे आणि समोर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची पांढरीशुभ्र संगमरवरी इमारत आहे. १९३५पर्यंत या न्यायालयाला स्वतःचं छप्परही नव्हतं, समोरच्या कॅपिटॉलमध्ये संसदेच्या आसऱ्याला राहून ते निकाल देत होतं. आता खांबांच्या वर, दर्शनी भागावर, कायद्यापुढे सर्वांना समान न्याय अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. आज आत नेमकी त्याच शब्दांची परीक्षा आहे.

रांग लांब आहे. पुढची मंडळी रात्रीपासून इथेच मुक्कामाला आहेत. तुमचा मोबाइल खिशातच राहू द्या. फोटो काढता येणार नाहीत म्हणून हळहळू नका, कारण तुमच्या काळातही या दालनात कॅमेऱ्याला मज्जाव आहे.

खटल्याचं नाव युनायटेड स्टेट्स विरुद्ध निक्सन. देश एका बाजूला, त्याचा राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या बाजूला. प्रकरण सुरू झालं ते दोन वर्षांपूर्वी, १७ जून १९७२च्या पहाटे. वॉटरगेट संकुलात डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच घुसखोर पकडले गेले, तेही एका पहारेकऱ्याला दाराच्या कुलपावर चिकटपट्टी दिसली म्हणून. पुढे संशयाची सुई राष्ट्राध्यक्षांच्या निकटवर्तीयांकडे वळली आणि जुलै १९७३मध्ये अलेक्झांडर बटरफील्ड या माजी अधिकाऱ्याने सिनेटच्या समितीसमोर सांगून टाकलं, की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातलं बोलणं आपोआप ध्वनिमुद्रित होतं. म्हणजे कोण खरं बोलतंय हे ठरवायला साक्षीदारांची गरज उरली नाही. टेप मागवायच्या आणि ऐकायच्या.

मागवायच्या, पण कशा? रांग पुढे सरकेपर्यंत नऊ महिने मागे जाऊन या.

शनिवार, २० ऑक्टोबर १९७३. विशेष अभियोक्ते आर्चिबाल्ड कॉक्स हे हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक, गळ्यात बो-टाय. त्यांना नऊ टेप हव्या आहेत. निक्सन यांनी एक तोड सुचवली आहे: टेप द्यायच्या नाहीत, फक्त त्यांचा सारांश द्यायचा आणि तो बरोबर आहे की नाही हे सिनेटर जॉन स्टेनिस यांनी ऐकून ठरवायचं. स्टेनिस यांना कमी ऐकू येतं, हे साऱ्या वॉशिंग्टनला माहीत आहे. कॉक्स दुपारी पत्रकारांसमोर शांतपणे नकार देतात. संध्याकाळी निक्सन ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांना हुकूम देतात: कॉक्सला काढा. सबळ कारणाशिवाय कॉक्सना हात लावणार नाही, असा शब्द रिचर्डसन यांनी सिनेटला दिलेला आहे. ते राजीनामा देतात. दुसऱ्या क्रमांकाचे विल्यम रकलशॉस हेही नकार देतात आणि जातात. तिसऱ्या क्रमांकाचे रॉबर्ट बोर्क सही करतात. रात्री एफबीआयची माणसं कॉक्स यांच्या कार्यालयाला टाळं लावायला येतात.

त्या कार्यालयाच्या दाराशी उभे असता तर तुम्ही म्हणाला असतात, संपलं. पण त्या आठवड्यात वॉशिंग्टनवर तारांचा असा पाऊस पडला, की दोन आठवड्यांच्या आत निक्सन यांना दुसरा विशेष अभियोक्ता नेमावा लागला. हे टेक्सासचे मुरब्बी वकील लिऑन जॉवर्स्की. त्यांनी आधी अट घालून घेतली: संसदेतल्या दोन्ही पक्षांच्या नेत्यांची सहमती असल्याशिवाय मला काढता येणार नाही. ही अट सरकारी नियमात लिहिली गेली. ती ध्यानात ठेवा, आत तिचं काम पडणार आहे.

आता आत चला.

दालन तुमच्या कल्पनेपेक्षा लहान निघतं. लाल पडदे, उंच खांब, वकिलांच्या टेबलांवर जुन्या रिवाजानुसार पांढरे पिसांचे टाक. पुकारा होतो, सगळे उभे राहतात आणि पडद्याआडून न्यायाधीश येतात. मोजा. नऊ नाहीत, आठ आहेत. विल्यम रेन्क्विस्ट आलेले नाहीत. न्यायाधीश होण्याआधी ते निक्सन यांच्याच न्याय खात्यात होते, म्हणून ते या खटल्यातून बाजूला झाले. उरलेल्या आठांपैकी तिघांना निक्सन यांनीच नेमलंय: हॅरी ब्लॅकमन, लुईस पॉवेल आणि मधोमध बसलेले सरन्यायाधीश वॉरन बर्गर. शेजारचा माणूस खुणेने विचारतो, हे तिघं काय करतील? तुम्हाला उत्तर माहीत आहे, पण गप्प बसा.

जॉवर्स्की आधी बोलतात. राष्ट्राध्यक्षांच्या निकटवर्तीयांवर खटला चालू आहे, माजी ॲटर्नी जनरल जॉन मिचेल आणि कार्यालयप्रमुख एच. आर. हॉल्डमन त्यात आरोपी आहेत आणि चौसष्ट संभाषणांचा पुरावा त्या खटल्याला लागणार आहे. राज्यघटनेचा अर्थ राष्ट्राध्यक्ष त्यांच्या परीने लावू शकतात, मात्र तो अखेरचा अर्थ नव्हे, तो लावायचा या न्यायालयाने.

मग निक्सन यांचे वकील जेम्स सेंट क्लेअर उठतात. कान देऊन ऐका, कारण हा युक्तिवाद पुन्हा पुन्हा परत येणार आहे. अभियोक्ता हा राष्ट्राध्यक्षांच्याच हाताखालचा माणूस आहे, तेव्हा हे भांडण घरातलं आहे, कोर्टाने त्यात पडू नये. गोपनीयता हा राष्ट्राध्यक्षांचा विशेषाधिकार आहे आणि त्याची हद्द तेच ठरवतील. राष्ट्राध्यक्ष कायद्याच्या वर नाहीत, पण त्यांना कायदा लावायची वाट एकच, महाभियोग.

थर्गुड मार्शल हे सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. ते पुढे झुकतात आणि अगदी साधं उदाहरण घेतात. एखाद्याला न्यायाधीश नेमण्यासाठी राष्ट्राध्यक्षाने पैसे घेतले, आणि ते बोलणं गोपनीय म्हणून बाहेर आलंच नाही, तर महाभियोग चालवायचा कशावर? सेंट क्लेअर म्हणतात, माहिती असेल तर चालवता येईल. मार्शल म्हणतात, पण माहिती मिळवायची वाट तर तुम्ही अडवून धरली आहे. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून वर कुलूप लावल्यातला हा प्रकार. आपण इथे कुठेतरी तुमच्या युक्तिवादातून हरवून जातो, असं मार्शल कोरडेपणाने सांगतात आणि दालनात खसखस पिकते.

थोड्या वेळाने तेच विचारतात, हा प्रश्न तुम्ही या कोर्टाच्या निर्णयासाठी आणलाय ना? साधं ‘हो’ सेंट क्लेअर यांच्या तोंडून निघत नाही. कायद्याविषयी न्यायालयाचं मार्गदर्शन घेतोय, मात्र राष्ट्राध्यक्षांचीही घटनेनुसार कर्तव्यं आहेत, असं ते गोलगोल बोलतात. इथे दालनातली हवा बदलते. निकाल विरुद्ध गेला आणि निक्सन यांनी तो पाळलाच नाही तर काय, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात आहे. न्यायालयाकडे ना फौज ना तिजोरी. निकाल पाळला जातो तो पाळणाऱ्याला तसं वाटतं म्हणून.

सेंट क्लेअर यांना बोल लावू नका. वकील चांगले आहेत. पण ज्या टेपसाठी ते भांडताहेत त्यांतल्या सर्वात घातक टेपमध्ये काय आहे, हे त्यांना ठाऊकच नाही. त्यांच्या अशिलाला मात्र ठाऊक आहे.

सोळा दिवस उड्या मारून ओलांडा. बुधवार, २४ जुलै, सकाळचे अकरा. बर्गर निकाल वाचतात. आठ विरुद्ध शून्य. निक्सन यांनी नेमलेल्या तिघांपैकी एकानेही वेगळं मत दिलेलं नाही. घरातलं भांडण हा मुद्दा टिकत नाही, कारण जॉवर्स्की यांना स्वातंत्र्य देणारा नियम सरकारने स्वतःच केलाय आणि तो रद्द केलेला नाही तोवर सरकारलाही बंधनकारक आहे. त्या अटीचं काम पडलं ते हे. घटनेचा अर्थ लावणं न्यायालयाचं काम, याला आधार १८०३च्या मार्बरी खटल्याचा. आणि फौजदारी खटल्यात नेमका पुरावा हवा असताना गोपनीयतेची मोघम सबब चालणार नाही. टेप द्या.

टाळ्या वाजवायची घाई मात्र करू नका. याच निकालात राष्ट्राध्यक्षाच्या गोपनीयतेच्या विशेषाधिकाराला सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा घटनात्मक पाया दिला. घटनेच्या मजकुरात हा अधिकार कुठेही लिहिलेला नाही. लष्करी आणि परराष्ट्र व्यवहारातली गुपितं तर निकालाने जवळजवळ हातही न लावता बाजूला ठेवली. निक्सन हरले, पण राष्ट्राध्यक्षपद रिकाम्या हाताने परतलं नाही.

निक्सन त्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या घरी आहेत. दिवसभर तिकडून शब्द येत नाही. संध्याकाळी सेंट क्लेअर जाहीर करतात, निकाल पाळला जाईल.

त्याच रात्री प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीत महाभियोगाची चर्चा टीव्हीवर सुरू होते. २७ जुलैला न्यायात अडथळा आणल्याचा पहिला आरोप सत्तावीस विरुद्ध अकरा मतांनी संमत होतो. तुम्ही मनात हिशेब करता: घरफोडीपासून इथवर यायला दोन वर्षं लागली! आपल्याकडे घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच बोट ठेवलं होतं. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांना अमेरिका जवळून ठाऊक होती. अमेरिकी पद्धतीत कार्यकारी सत्तेला स्थैर्य अधिक आणि जबाबदारी कमी, तर संसदीय पद्धतीत जबाबदारीची तपासणी रोजच्या रोज होते, असं सांगून त्यांनी दुसरी पद्धत निवडल्याचं समर्थन केलं. आपल्या संसदेत ती तपासणी खरोखर रोज होते का, हा वेगळा आणि लांबलचक विषय आहे. पण वॉशिंग्टनच्या या उन्हाळ्यात उभं राहून पाहिलं तर त्यांचं म्हणणं नेमकं कळतं.

५ ऑगस्टला ती टेप बाहेर येते. २३ जून १९७२, घरफोडीनंतर अवघे सहा दिवस. हॉल्डमन सुचवतात, सीआयएकडून एफबीआयला निरोप द्यायचा की या तपासात फार खोल जाऊ नका, आणि निक्सन होकार देतात. समितीत महाभियोगाच्या विरोधात मत दिलेले रिपब्लिकनही आता बाजू बदलतात. ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे निक्सन यांच्याच पक्षाचे तीन नेते त्यांना भेटायला येतात. राजीनामा द्या, असं ते म्हणत नाहीत. सिनेटमध्ये वाचण्यापुरती चौतीस मतं उरलेली नाहीत, एवढंच कळवतात. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार होतात.

बहुतेक पर्यटक इथून परत फिरतात. तुम्ही आणखी महिनाभर थांबा. रविवार, ८ सप्टेंबर १९७४, सकाळ. नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड टीव्हीवर येतात आणि निक्सन यांना पदावरच्या सबंध काळातल्या सर्व गुन्ह्यांबद्दल संपूर्ण माफी देतात. ज्यांच्यावर आरोपपत्रही ठेवलेलं नाही त्यांना माफी! फोर्ड यांचे माध्यम सचिव त्याच दिवशी राजीनामा देतात. मिचेल आणि हॉल्डमन पुढे दोषी ठरून तुरुंगात जातात. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते कॅलिफोर्नियात आठवणी लिहायला बसतात. देशाची जखम भरून यावी म्हणून माफी दिली, असं फोर्ड सांगतात. हेतूवर मी शंका घेत नाही. पण माजी राष्ट्राध्यक्षावर पदावरच्या कृत्यांसाठी फौजदारी खटला चालतो का, या प्रश्नावर त्या सकाळी पडदा टाकला गेला आणि तो पन्नास वर्षं तसाच राहिला.

परतीच्या वाटेवर शेवटचा थांबा, तीच इमारत, १ जुलै २०२४. ट्रम्प विरुद्ध युनायटेड स्टेट्स. सहा विरुद्ध तीन. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालानुसार घटनेने राष्ट्राध्यक्षाला दिलेल्या गाभ्याच्या अधिकारांत त्याला फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण आहे, इतर अधिकृत कामांत संरक्षण गृहीत धरायचं, खासगी कामांत मात्र नाही. काम अधिकृत की खासगी हे ठरवताना हेतू विचारायचा नाही. अधिकृत कामं खटल्यात पुरावा म्हणून वापरण्यावरही मर्यादा. सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मतात फोर्ड यांच्या माफीकडे बोट दाखवलं: खटला होऊच शकत नव्हता, तर माफी कशासाठी दिली आणि निक्सन यांनी ती घेतली तरी कशाला?

आता तुमच्या डोक्यात ती २३ जूनची टेप वाजेल. राष्ट्राध्यक्ष त्यांच्या कार्यालयप्रमुखाशी सीआयए आणि एफबीआयबद्दल बोलताहेत. हे अधिकृत काम की खासगी? हेतू विचारायची मुभा नसेल तर तपास दाबण्याचा कट आणि तपासयंत्रणेला सूचना यांतला फरक काढायचा कशावरून? बर्गर यांच्यासमोर हा प्रश्न नव्हता हे खरं, तिथे राष्ट्राध्यक्ष आरोपी नव्हते आणि मागणी दुसऱ्यांच्या खटल्यातल्या पुराव्याची होती. तरी माझं मत स्पष्ट आहे: सेंट क्लेअर १९७४मध्ये आठ विरुद्ध शून्य हरले, आणि २०२४चा निकाल वाचताना त्यांचा आवाज जॉवर्स्की यांच्यापेक्षा जास्त ऐकू येतो.

१९७४चा निकाल रद्द झालेला नाही, दोन्ही आज एकाच वेळी लागू आहेत. राष्ट्राध्यक्षाकडून टेप मागवता येते. ती अधिकृत कामाची ठरली, तर त्याच्याच खटल्यात ती वाजवता येईल याची खात्री नाही.