मालेगावची रातपाळी आणि मेलॅटोनिन

1857 च्या उठावानंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी मोसम नदीकाठच्या मालेगावात हातमाग उभारले. पुढे यंत्रमाग आले आणि संपलेली कांडी बदलणारा, तुटलेला धागा सांधणारा कामगार रात्रभर दिव्याखाली उभा राहू लागला. अंधारात मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून स्रवणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरणारा रासायनिक निरोप, 1958 मध्ये अमेरिकेत एरन लर्नर यांनी वेगळे केले. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून ऊतींत शिरतात व दाह, म्हणजे सूज आणि लाली, वाढवतात. ते चिकटणे मेलॅटोनिन मंद करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले, आणि रात्रीचा प्रखर प्रकाश त्याचाच स्राव दडपतो. तरीही असा दाह होऊन कामगाराला खोकला लागला, तर त्याचे खापर केवळ दिव्यावर फोडता येणार नाही. सुताची धूळ दिवसपाळीतही उडतेच.