अर्धा तास आणि एक रविवार

मागच्या वर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. वय २८ आणि कोलेस्टेरॉल माझ्या वडिलांपेक्षा जास्त. डॉक्टरांनी कागदावर चार ओळी लिहून दिल्या: वेळेवर जेवण, रोज अर्धा तास चालणं, सात तास झोप, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. मी कागदाचा फोटो काढून ठेवला आणि त्याच दुपारी लॅपटॉपसमोर वडापाव खाल्ला, कारण तीन वाजता रिलीज होतं.

महिन्याभराने तो कागद आजोबांच्या हाती लागला. आजोबा गिरणीत होते, साच्यावर. त्यांनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या आणि म्हणाले, "यातल्या दोन गोष्टी तर भांडून घेतलेल्या आहेत रे. तुझ्याकडे नाहीत?"

मी हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. माझं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. धुराडं अजून उभं आहे, त्याच्याखाली आम्ही कॉफी प्यायला जातो. कोणत्या दोन गोष्टी, कोणी आणि कशा घेतल्या, हे शोधायला मी एका शनिवारी बसलो आणि मग बरेच शनिवार बसलो.

कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली. १८५४ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. योगायोग बघा, त्याच १८५६ मध्ये तिकडे मेलबर्नच्या पाथरवटांनी काम थांबवून आठ तासांचा दिवस मिळवला. इकडे मुंबईत तासांचा हिशोबच नव्हता. उजाडलं की गिरणी सुरू आणि मावळलं की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही जास्त. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांबद्दल त्यात काहीच नव्हतं.

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक आणि 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या वाचताना मी दचकलो. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय. डॉक्टरांच्या कागदातल्या दोन ओळी त्यात जवळजवळ जशाच्या तशा होत्या: वेळेवर जेवण आणि एक दिवस विश्रांती.

निवेदनाने लगेच काही झालं नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १८९० साली, दहा हजारांच्या गर्दीपुढे! १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान निदान अर्धा तास काम थांबवणं आलं आणि बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा आली.

आपण ज्याला लंच ब्रेक म्हणतो, त्याचा एक धागा असा रेसकोर्सवर जातो. हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

पुढची गोष्ट आमच्या धंद्याच्या जवळची आहे. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवा आल्यावर सूर्यास्ताला काय किंमत? बाजारात तेजी होती आणि कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत गेले. कायदा होता, पण पुरुषांच्या तासांना त्यात मर्यादाच नव्हती. नव्या तंत्राने रात्र उघडून दिली आणि ती कामगाराच्या हिश्शातून गेली. हे वाचताना मला माझा ऑफिसचा लॅपटॉप आठवला. तो मिळाला त्या दिवशी मी खूश होतो की आता घरूनही काम करता येईल. तेव्हापासून मी घरूनही काम करतोय.

१९०८ च्या फॅक्टरी कमिशनपुढे मालकांची एक तक्रार वारंवार आली. कामगार रेंगाळतात. मध्येच उठून आवारात जातात, बिडी ओढतात, खातात, अंघोळ करतात. म्हणजे तास लांब असले तरी काम सलग कुठे आहे? पुरुषांच्या तासांवर थेट बंधन नको, असं कमिशनच्या बहुमताने म्हटलं. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर एकटे वेगळे मत नोंदवून गेले: मोठ्या माणसांच्या तासांनाही कायद्याची मर्यादा हवी. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत ती बारा तासांवर आणली.

मला त्या रेंगाळण्यात वेगळंच दिसतं. पंधरा तास यंत्रापुढे उभा असलेला माणूस अंघोळ आणि जेवण करणार कधी? कामाच्या वेळेतच. सुट्टी मिळाली नाही की शरीर ती चोरून घेतं. आम्ही कॅमेरा बंद करून मीटिंगमध्ये जेवतो, ते काय वेगळं आहे?

मग तास हळूहळू उतरत गेले. १९२२ मध्ये दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ. १९३४ मध्ये दहा आणि चोपन्न. व्हाइसरॉयच्या मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खातं सांभाळत होते, त्या काळात आठवडा ४८ तासांवर आणण्याचं विधेयक आलं आणि १९४६ मध्ये तो कायदा झाला. साठवरून अठ्ठेचाळीसवर यायला चोवीस वर्षं लागली. स्वातंत्र्यानंतरचा १९४८ चा फॅक्टरी कायदा तर चक्क आरोग्याचं पुस्तक होता: सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हातपाय धुण्याची सोय, २५० हून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन. उभं राहून काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून आसनांची सोय करा, असंही एक कलम त्यात होतं. माझ्या मनगटावरचं घड्याळ दर तासाला मला उभं राहायला सांगतं. पंच्याहत्तर वर्षांत एवढा फरक पडला.

आजोबांना मी हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कायदा ठीक आहे, पण जेवण कायद्याने शिजत नाही." त्यांची पहिली दहा वर्षं लालबागच्या एका खोलीत गेली. खोलीत गावाकडचे बारा जण. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून झोपायची जागा पुरायची. जेवण खानावळीत. दुपारची पाळी असली की सकाळी तालमीत जोर-बैठका. हे ऐकायला छान वाटतं, पण त्याच आजोबांचा खोकला मी लहानपणापासून ऐकतोय. कापसाची धूळ फुफ्फुसात बसते आणि रविवारी ती सुट्टीवर जात नाही.

आणि खानावळवाली? तिला रविवार नव्हता. उलट रविवारी जास्त ताटं. गिरणगावातल्या या बायका उधारीवर सामान भरायच्या आणि महिन्याच्या हिशोबाने कामगारांना जेवू घालायच्या. संप झाला की कामगारांचा पगार थांबायचा, पण त्यांची भूक आणि खानावळवालीची चूल थांबायची नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणी कामगाराच्या तब्येतीचा इतिहास लिहायचा तर अर्धा या बायकांचा लिहावा लागेल. आज रात्री साडेनऊला माझं सॅलड घेऊन जो मुलगा जिना चढतो, त्याला कुठला वार सुट्टीचा असतो, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. विचारलं. "ज्या दिवशी लॉगिन नाही त्या दिवशी सुट्टी, आणि त्या दिवशी पैसे नाहीत," तो म्हणाला.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आले, टॉवर आले, आमची ऑफिसं आली. भोंगा गेला. आजोबांच्या मते भोंग्याची एक गोष्ट चांगली होती: तो सुटायच्या वेळीही वाजायचा.

अलीकडे आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास काम करावं, असे सल्ले ऐकू येतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास जाहीर केला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त आढळला. हे वाचून तरी मला माझा रिपोर्ट निव्वळ माझ्या आळसाचा वाटेनासा झाला.

कारण मी आळशीच आहे, असं मी तोवर मानत होतो. तीन फिटनेस अ‍ॅप्स, एक वर्षाची जिम मेंबरशिप, भिजवलेले बदाम, सगळं करून झालं होतं. कॅलेंडरमध्ये दुपारी एक ते दोन मी 'जेवण' असं लिहून ब्लॉक केलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यावर तीन मीटिंग आल्या आणि मी तिन्ही स्वीकारल्या. एकट्याने 'नाही' म्हणायला भीती वाटते. इन्क्रिमेंटची, रेटिंगची, 'हा टीम प्लेअर नाही' या शेऱ्याची.

मार्चमध्ये आम्ही सहा जणांनी ठरवलं. सहाही कॅलेंडरं एक ते दोन एकदम ब्लॉक. आणि मॅनेजरकडे एकच मागणी: ज्याचा रविवार ऑन-कॉलमध्ये जाईल, त्याला सोमवारी सुट्टी. त्यांनी पंधरा दिवस वेळ काढला, मग म्हणाले, "प्रयोग म्हणून करून बघू." प्रयोग अजून चालू आहे. रिलीजच्या आठवड्यात तो मोडतो, मग आम्ही पुन्हा लावतो. चालणं अजून रोज होत नाही. कोलेस्टेरॉल थोडं उतरलंय. पण डबा मी आता खाली बसून, धुराड्याच्या सावलीत, माणसांबरोबर खातो.

आजोबांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लेखी घेतलंत का?"

नाही घेतलं. या सोमवारी ईमेल लिहिणार आहोत. सहा नावांनी.