सुरवंटास आज्ञा कोण देतो?

सुरवंटाचा कोश होतो आणि कोशांतून पतंग बाहेर पडतो, हें लहान मुलांसहि ठाऊक असतें. परंतु पानें कुरतडण्यांत गढलेल्या सुरवंटास ‘आतां खाणें पुरे, कोश कर’ अशी आज्ञा कोण देतो, या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

मनुष्याच्या शरीरांतील कांहीं ग्रंथि आपले रस रक्तांत सोडतात व त्यांवर शरीराची वाढ अवलंबून असते, हें तोंपर्यंत शास्त्रज्ञांस कळून चुकलें होतें. कीटकांत मात्र असे अंतःस्राव नसावेत, असा समज रूढ होता. त्यास कारणहि होतें. कोंबड्याचे वृषण काढले तर त्याचा तुरा खुरटतो. पण नर-सुरवंटाचे काढले तरी पतंग नरासारखाच निपजे. हे प्रयोग करणारांत स्टेफान कोपेच हा पोलिश शास्त्रज्ञहि होता. तो समज खोटा ठरविण्याचें कार्य त्याच्याच हातून व्हावें, हा मौजेचा योगायोग होय.

जिप्सी पतंगाच्या सुरवंटांवर केलेले त्याचे प्रयोग १९१७ व १९२२ सालीं प्रसिद्ध झाले. सुरवंटाच्या मध्यभागीं त्यानें दोरा आवळून बांधला. ठराविक दिवसापूर्वीं बांधला तर पुढच्या अर्ध्या भागाचाच कोश होई, मागचा भाग सुरवंटच राही. त्या दिवसानंतर बांधला तर दोन्ही भाग कोशरूप होत. शेवटची कात टाकल्यावर लवकरच मेंदू काढला तर सुरवंट जगे, पण कोश होत नसे. मज्जारज्जु तोडला तरी मात्र अडथळा येत नसे. अर्थ उघड होता: आज्ञा मेंदूंतून निघते, पण ती मज्जातंतूंच्या नव्हे, रक्ताच्या वाटेनें जाते. मेंदूनें ग्रंथीचें काम करावें ही कल्पना त्या काळीं चमत्कारिक वाटली, आणि कित्येक वर्षें तिजकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

पुढें लंडनमध्यें विगल्सवर्थ यानें दक्षिण अमेरिकेंतील रोडनियस नांवाचा रक्तशोषक ढेकूण प्रयोगास घेतला. हा प्रत्येक अवस्थेंत एकदांच पोटभर रक्त पितो व त्यानंतर कात टाकतो. शिर छाटलें तरी महिनोन्महिने जगतो! १९३४ च्या सुमारास विगल्सवर्थनें असे शिरहीन कीटक मेणानें एकमेकांस जोडले. शेवटच्या अवस्थेंतील कीटकाचें रक्त पहिल्या अवस्थेंतील पिलांत खेळूं लागतांच तें चिमुकलें पिलूं अकालीं प्रौढ झालें. उलटपक्षीं, लहान अवस्थेंतील कीटकाच्या मेंदूमागील एका ग्रंथीचा रस मिळाल्यास मोठा कीटकहि बालच राही. म्हणजे एक स्राव बदल घडवितो, दुसरा बाल्य टिकवितो. दुसरा ओसरला कीं प्रौढत्व येतें.

१९४० सालीं फुकुदा या जपानी शास्त्रज्ञानें रेशमाच्या किड्याच्या छातींतील ग्रंथीचें कार्य उलगडलें. मेंदू या ग्रंथीस चेतवितो, व तिच्या रसानें कात टाकली जाते. १९५४ सालीं बुटेनांट व कार्लसन यांनीं रेशमाचे ५०० किलो कोश घोटून या स्रावाचें शुद्ध द्रव्य मिळविलें. तें भरलें अवघें २५ मिलिग्रॅम!

हा दिवस पाहण्यास कोपेच उरला नव्हता. ११ मार्च १९४१ रोजीं वॉर्साजवळील पाल्मिरीच्या रानांत जर्मन सैन्यानें इतर ओलिसांबरोबर त्यास गोळ्या घातल्या. सुरवंटाच्या मेंदूंतील आज्ञा प्रथम ज्यास ऐकूं आली, त्याच्या वांट्यास असा अंत आला. त्यानें बांधलेला तो साधा दोरा मात्र कीटकांच्या अंतःस्रावशास्त्राचें आद्य सूत्र ठरला.