एका कपाचा इतिहास

बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या बाजारपेठेत, कामाच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास एखाद्या चहाच्या हॉटेलात डोकावले, तर कचेरीतील कारकून, कोर्टाच्या तारखेस आलेला पक्षकार, तंबाखूच्या वखारीतील हमाल आणि बाजारास आलेला शेतकरी एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेले दिसतात. कोणापुढे पुरी-भाजी, कोणापुढे उप्पीट, कोणापुढे मिसळ-पाव. वर एक कप चहा, आणि पाव तासात बाक दुसऱ्यासाठी मोकळा! मराठीत मागितलेला जिन्नस भटारखान्यात कानडी हाकेने पोहोचतो. शेजारच्याची जात विचारण्याची कोणास सवड नसते. हे दृश्य इतके नित्याचे झाले आहे की, त्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही कोणास येऊ नये. तथापि हा साधा बाक मिळविण्यास महाराष्ट्राला आणि या सीमाभागाला दोन पिढ्या लागल्या.

पूर्वी जेवण ही घरातील किंवा जातीच्या पंगतीतील गोष्ट होती. प्रवासास निघालेला मनुष्य शिदोरी बांधून घेई. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, हे प्रत्येकास लहानपणापासून ठाऊक असे. पुढे रेल्वे आली, कचेऱ्या वाढल्या, आणि दुपारच्या वेळी घरापासून दूर असणाऱ्यांचा एक नवाच वर्ग निर्माण झाला. त्याच काळात चहाही रुळू लागला. पेय नवे होते, पण ‘ते कोणाच्या हातचे?’ हा प्रश्न जुनाच होता.

त्या प्रश्नाची धार १८९० मध्ये पुण्यास दिसली. त्या वर्षी १४ ऑक्टोबर रोजी पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे ख्रिस्ती यजमानांनी चहा ठेवला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही तेथे होते. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध होताच ग्रामण्य माजले, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. पुढे याच टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली. ज्या पुरुषाने साम्राज्याकडे स्वराज्य मागितले, त्यालाही एका कपाचा जाब समाजापुढे द्यावा लागला होता!

जेथे विद्वानांची ही अवस्था, तेथे अस्पृश्य मानलेल्यांची काय कथा? त्यांना हॉटेलच्या बाहेर बसावे लागे. त्यांच्यासाठी वेगळा कप ठेवलेला असे. चहा वरून ओतला जाई, आणि पैसे देऊनही तो कप ज्याचा त्याने विसळून ठेवावयाचा असे.

या रूढीस ठळक धक्का बसला तो निपाणीपासून अवघ्या चाळीस किलोमीटरांवरील कोल्हापुरात. संस्थानच्या नोकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल मार खावा लागला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करण्यास प्रोत्साहन दिले, आणि १९२० च्या सुमारास गंगारामांनी ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल काढले. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा खुद्द महाराजांनी आपली गाडी हॉटेलसमोर उभी करून गंगारामांच्या हातचा चहा घेतला, आणि बरोबरच्या मंडळींसही पाजला. महाराजांनी घेतलेला चहा नाकारणे मग इतरांस अवघड झाले. संस्थानात हुकूम अनेक निघाले. पण या एका कपाने जे सांगितले, ते कोणत्याही हुकमाहून लोकांस लवकर समजले.

पुढे डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. अस्पृश्यता ही स्वराज्याच्या मार्गातील धोंड आहे, असे त्यांनी तेथे बजावले. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीस मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एकाच जिल्ह्यात, एकाच हिवाळ्या-उन्हाळ्यात एकाच प्रश्नाला दोन बाजूंनी वाचा फुटली. एकीकडे सवर्णांच्या सदसद्विवेकाला आवाहन होते. दुसरीकडे ज्यांचा हक्क होता, ते स्वतःच तो मागण्यास उभे राहिले होते.

या मागणीस कायद्याचे बळ मिळण्यास आणखी पंचवीस वर्षे जावी लागली. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या अनुच्छेदात तर दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने उपाहारगृहात प्रवेश नाकारणे हा जसा गुन्हा ठरविला, तसाच तेथील भांडी वापरू न देणे हाही ठरविला. राष्ट्राच्या कायद्याला भांड्यांपर्यंत उतरावे लागले, यातच त्या वेगळ्या कपाची जरब दिसून येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या सीमेवरून वाद झाले, आंदोलने झाली. पण हॉटेलातील बाकाचा हा हक्क सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखाच राहिला.

कायद्याने दार उघडले आणि शहराच्या घाईने बाक भरला. मात्र खेड्यांतून वेगळ्या कपाची चाल कायद्यानंतरही पुष्कळ काळ टिकून होती, हे विसरून चालणार नाही. घाईमुळे माणसे शेजारी बसतात खरी. परंतु सवड असतानाही, ठरवून आणि आनंदाने शेजारी बसणे, ही त्यापुढची पायरी होय. ती कोणताही कायदा चढवू शकत नाही. ती ज्याची त्यानेच चढावयाची असते.